सामाईक वाड्यातील चंदी

संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींपैकी अजमान ही सर्वांत लहान असून तिचे क्षेत्रफळ जेमतेम २६० चौरस किलोमीटर आहे. तिचा मुख्य भाग आखाताच्या किनाऱ्याला लागून असून जमिनीच्या बाजूंनी त्याला शारजाने वेढले आहे, तर मनामा आणि मसफूत हे तिचे दोन तुटक भाग आत, हजर पर्वतरांगेच्या दिशेला पडतात. वर्षभरात येथे साधारण शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही हिवाळ्यातल्या मोजक्या दिवसांत, त्यामुळे घोडेपालनाच्या युरोपीय ग्रंथांत ज्या हिरव्या कुरणाचे वर्णन येते ते येथे जवळजवळ नसतेच. येथे घोड्यांना मोकळे सोडायची जागा म्हणजे लोखंडी नळ्यांचे किंवा लाकडी कुंपण घातलेला, एका बाजूला सावलीचे छप्पर असलेला वाळूचा वाडा. असे असूनही अरबी घोड्यांच्या जगात अजमानचे नाव परिचित आहे, आणि त्याचे मोठे श्रेय युवराज शेख अम्मार बिन हुमैद अल नुऐमी यांच्या ‘अजमान स्टड’ या अश्वपैदास केंद्राला जाते.

मोठ्या पैदास केंद्रात प्रत्येक जनावराला स्वतंत्र ठाण, पशुवैद्याने आखून दिलेला आहार आणि हाताशी पुरेसे सईस असू शकतात, म्हणून तेथे या प्रकरणातील प्रश्न तितक्या तीव्रतेने जाणवत नाही. तो जाणवतो लहान वाड्यांवर, म्हणजे ज्यांना स्थानिक अरबीत ‘इज्बा’ म्हणतात अशा खासगी जागांवर, जिथे चार-सहा घोडे एकाच कुंपणात राहतात आणि त्यांत एक नुकती व्यालेली घोडी, एक दात झिजलेला म्हातारा, एक लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार होणारा आणि एक नुसत्या वासानेही सुटतो की काय असे वाटणारा गुबगुबीत घोडा असू शकतो. या चौघांना एकच आहार दिला तर तो एकालाच मानवतो आणि उरलेल्या तिघांपैकी कोणाचे ना कोणाचे हमखास नुकसान होते. त्यांना कायमचे वेगळे बांधून ठेवणे हा उत्तम उपाय वाटत असला तरी तोही निर्धोक नाही, कारण घोडा हा कळपात राहणारा प्राणी असून एकटा कोंडला गेल्यास तो लाकूड दातांत धरून हवा ओढणे किंवा एकाच जागी उभा राहून सतत डुलत राहणे अशा खोडी लावून घेऊ शकतो. म्हणून सोबत राखायची आणि ताट मात्र वेगळे ठेवायचे, असा हा दुहेरी हेतू आहे.

या प्रश्नाचे मूळ घोड्याच्या पोटाच्या रचनेत आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते. त्याची धारणक्षमता सुमारे ८ ते १५ लिटर, म्हणजे संपूर्ण पचनमार्गाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. गाईसारखे रवंथ करणे त्याला जमत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. गवतातील तंतुमय भागाचे खरे पचन जठराच्या बरेच पुढे, अंधांत्र आणि बृहदांत्र या प्रशस्त भागांत होते, जिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव त्या तंतूंचे किण्वन करून, म्हणजे ते आंबवून, घोड्याला वापरता येतील अशी आम्ले तयार करतात. त्याच्या जठरात आम्ल मात्र दिवसरात्र, पोट रिकामे असतानाही, पाझरत राहते आणि ते सौम्य करणारी लाळ केवळ चावतानाच सुटते. त्यामुळे मोकळ्या रानात दिवसाचे चौदा ते अठरा तास तोंड चालू ठेवणाऱ्या या प्राण्याला सहा-सात तास उपाशी ठेवले तर जठरात व्रण होण्याची शक्यता वाढते. याउलट एका वेळी भरमसाट धान्य दिले तर त्यातील पिष्टमय पदार्थ लहान आतड्यात पुरेसे न पचता मागील आतड्यात उतरतात, तेथील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतील नाजूक पडद्यांचा दाह, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात, असे गंभीर आजार उद्भवतात. सामाईक वाड्यात दांडग्या घोड्याने तिघांचे धान्य फस्त केले तर उपाशी राहिलेल्यांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक धोका त्या दांडग्यालाच असतो, ही गोष्ट नवख्या घोडेमालकाच्या लक्षात सहसा उशिरा येते.

गरजांमधील अंतर किती मोठे असते हे आकड्यांवरून दिसते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार ४०० किलो वजनाच्या, काम न करणाऱ्या घोड्याला दिवसाला सुमारे १३.३ मेगाकॅलरी पचनीय ऊर्जा लागते, तर त्याच वजनाच्या घोडीला व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे २५.४ मेगाकॅलरी, म्हणजे जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. अरबी घोड्याचे वजन सर्वसाधारणपणे याच पट्ट्यात असते. शिवाय वाळवंटी परिसरात घडलेल्या या जातीतील अनेक जनावरे थोड्या खाण्यावर अंग धरतात. पूर्वी जो गुण होता तोच आता, गाठीच्या गाठी गवत आणि पोत्याने धान्य मिळू लागल्यावर, दोष ठरतो: मानेवर चरबीची वळी चढते, शरीर इन्शुलिनला नीट प्रतिसाद देईनासे होते आणि रक्तातील इन्शुलिन सतत चढे राहिल्याने लॅमिनायटिस होतो. अशा घोड्याच्या गवतातील साखर आणि पिष्ट मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आत असावे, असे मानले जाते. त्याच वाड्यातील दूध पाजणाऱ्या घोडीला मात्र नेमके ऊर्जेने आणि प्रथिनांनी समृद्ध खाणे हवे असते.

अजमानमध्ये वापरात असलेल्या वैरणींत ऱ्होड्स गवत आणि लसूणघास या दोन प्रमुख आहेत. उष्ण कटिबंधात वाढणाऱ्या ऱ्होड्स गवतात साखरेचे प्रमाण सहसा कमी आणि तंतूंचे प्रमाण अधिक असते. महाराष्ट्रातील दूध उत्पादकांच्या चांगल्या परिचयाची लसूणघास शेंगवर्गीय असल्याने तिच्यात प्रथिने १७ ते २० टक्क्यांपर्यंत आणि कॅल्शियम भरपूर असते. ती जठरातील आम्लही काही अंशी शमवते. दोन्ही पिके देशात घेता येतात, पण ती भूजलावर पोसली जातात आणि वाळवंटातील भूजल पुन्हा भरून येत नाही, म्हणून अबू धाबीने २०१० च्या सुमारास ऱ्होड्स गवताच्या लागवडीला दिले जाणारे प्रोत्साहन काढून घेण्यास सुरुवात केली. वैरणीचा मोठा वाटा आता अमेरिका, स्पेन यांसारख्या देशांतून दाबून बांधलेल्या गाठींच्या रूपाने जहाजाने येतो. एका अर्थाने वाड्याच्या मालकाला हे सोयीचेच असते. हिरव्या कुरणात घोडा किती आणि काय चरला याचा हिशेब लागत नाही, तर अजमानच्या वाळूत घोड्याच्या पोटात जाणारी प्रत्येक काडी कोणीतरी हाताने टाकलेली असते. म्हणून येथे एखादा घोडा सुटला किंवा खंगला तर दोष निसर्गाच्या माथी मारता येत नाही.

या परिस्थितीत जी रीत सर्वांत टिकाऊ ठरते ती अशी, की वाड्यात सर्वांसमोर जे टाकायचे ते सर्वांत कडक पथ्य असलेल्या जनावरालाही बाधणार नाही असेच असावे, आणि त्याहून अधिक ज्याला हवे त्याला ते केवळ वेगळे काढून द्यावे. व्यवहारात याचा अर्थ ऱ्होड्स गवत सामाईक, तर लसूणघास, जव, ओट, तेल आणि तयार खाद्य ज्याचे त्याला. अनेक ठिकाणी नेमके उलट घडते: घोडी दूध पाजते म्हणून सगळ्या वाड्यातच लसूणघास पसरली जाते आणि मग सुटलेल्या घोड्याला उपाशी ठेवून त्याची भरपाई केली जाते. ही भरपाई फसवी आहे, कारण वजन उतरवायच्या घोड्यालाही रोज देहाच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का कोरडी वैरण पोटात जावीच लागते. चारशे किलोच्या घोड्याच्या बाबतीत ही वैरण सहा-सात किलो भरते. त्याहून खाली गेल्यास व्रण, शूळ आणि वाळू चाटत बसण्याची खोड असे नवे त्रास सुरू होतात.

वेगळे काढून देण्याच्या आड येते ती कळपातील उतरंड. घोड्यांत कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरलेले असते, आणि ते ठरण्यात आकारमानापेक्षा वय आणि त्या कळपातील मुक्काम यांचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. एखादी लहानखुरी, जुनी घोडी नुसते कान मागे पाडून दोन उंच्यापुऱ्या घोड्यांना ढिगावरून हटवते. उतरंड स्थिर असेल तर चावणे-लाथाळणे क्वचितच होते, पण चारा थोडा आणि एकाच जागी असेल तर तीच उतरंड खालच्या जनावराला उपाशी ठेवते. यासाठी गवताचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा निदान एकाने जास्त ठेवावेत आणि दोन ढिगांत दोन घोड्यांच्या लांबीहून अधिक अंतर राखावे, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. हुसकावलेल्या घोड्याला जाण्यासाठी मोकळा ढीग असला म्हणजे भांडण वाढत नाही. कोपऱ्यात ढीग टाकू नये, कारण तेथे सापडलेल्याला पळायला वाट नसते.

गवताच्या बाबतीत हे पुरते. धान्याच्या बाबतीत पुरत नाही. एक किलो वाळले गवत चावायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, तर एक किलो धान्य दहा मिनिटांत संपते, आणि ज्याचे संपले तो लगेच दुसऱ्याच्या घमेल्याकडे वळतो. झिजलेल्या दातांचा म्हातारा घोडा, ज्याला भिजवून मऊ केलेले गवताचे ठोकळे किंवा बीटचा चोथा द्यावा लागतो, तो तर इतका सावकाश खातो की त्याचे अर्धे खाणे शेजाऱ्याच्याच पोटी जाते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खाण्याच्या वेळेपुरते सगळ्यांना अंतराने बांधणे आणि सर्वांत मंद खाणाऱ्याचे संपेपर्यंत कोणालाही न सोडणे. वेळ लागतो ही तक्रार खरी आहे, पण त्या अर्ध्या तासात सईसाला प्रत्येकाचे पाय, डोळे आणि लीद पाहून घेता येते.

दुसरा उपाय मराठी मुलखाला शतकानुशतके ठाऊक आहे. मराठ्यांच्या पागेत घोड्याच्या धान्याच्या रोजच्या नेमणुकीला चंदी म्हणत आणि ती तोबऱ्यातून, म्हणजे घोड्याच्या तोंडाला अडकवायच्या पिशवीतून, चारली जाई. दावणीला ओळीने बांधलेल्या घोड्यांत कोणी कोणाचा दाणा पळवू नये यासाठी याहून साधे साधन सापडणे कठीण आहे. अरबस्तानातील बदाऊनींकडेही जव चारायची अशीच पिशवी असे. तोबरा आजही उपयोगी आहे, फक्त उष्ण हवेत तो हवा खेळती राहील अशा जाळीच्या कापडाचा असावा, खाणे संपताच काढून घ्यावा आणि तो चढवलेला असताना घोडा पाण्याच्या हौदाजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण पिशवीत पाणी भरल्यास घोडा गुदमरू शकतो.

प्रत्येक जनावराची नेमणूक वेगळी असावी हा विचारही जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावरील प्रकरणात उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ घोड्यांचा शिधा निरनिराळा सांगितला असून नुकत्याच व्यालेल्या घोडीला प्रथम तूप व नंतर पीठ, आणि शिंगराला तूप मिसळलेले पीठ व दूध असा वयानुसार बदलणारा क्रम दिला आहे. त्याहून व्यवहारी दस्तऐवज म्हणजे १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठविलेले पत्र. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण सुरुवातीलाच वाटेल तशी उडवली तर पुढे ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि त्याचा दोष छावणीवाल्यांवर येईल, मग लष्करातील लोक रयतेच्या घरात हात घालतील, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे. गवताच्या गंजींना आग लागू नये म्हणून उंदराने पेटती वात ओढून नेण्याची शक्यतासुद्धा त्यात सोडलेली नाही. साठा मोजून पुरवायचा हा त्या पत्रातील दंडक, बोटीच्या फेऱ्यांवर अवलंबून असलेल्या आखातातील वाडीवाल्याला शब्दशः लागू पडतो.

शिंगरांसाठी वाड्यातच एक छोटे कुंपण घालून त्याचे प्रवेशद्वार इतके अरुंद आणि बुटके ठेवतात की शिंगरू आत जाते आणि मोठी जनावरे बाहेर राहतात. वाढत्या शिंगराला जस्त, तांबे आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे योग्य प्रमाण लागते, पण नुसते धान्य वाढवल्यास सांध्यांची वाढ बिघडते, म्हणून या कुंपणातील घमेलेही मोजूनच भरावे लागते. युरोपातील काही तबेल्यांत आता यंत्राची मदत घेतली जाते: घोड्याच्या मानेतील किंवा पट्ट्यातील चिप वाचून दार उघडते आणि त्या घोड्याच्या वाट्याचे तेवढेच खाद्य दिवसभरात अनेक हप्त्यांनी पडते. कल्पना तोबऱ्याचीच आहे. खर्च मात्र चार घोड्यांच्या वाड्याला परवडणारा नाही.

वाळूचा वाडा आणखी एक धोका घेऊन येतो. जमिनीवर टाकलेले गवत वेचताना घोडा वाळूचे कणही गिळतो, ती वाळू बृहदांत्राच्या तळाशी साचत जाते आणि एक दिवस जुलाब, वजन घटणे किंवा तीव्र शूळ या रूपाने प्रकट होते. स्पर्धेत हुसकावला जाणारा घोडा उरलासुरला पाचोळा वाळूतून वेचतो, म्हणून उतरंडीच्या तळाच्या जनावराला हा त्रास अधिक संभवतो. गवत रबरी चटईवर, उंच कडांच्या चौकटीत किंवा बारीक जाळीत ठेवावे आणि चटई रोज झाडावी, हा यावरील पहिला उपाय. नाल असलेल्या पायांचा विचार करून जाळी पाय अडकणार नाही अशी बांधावी लागते. लीद पाण्यात कालवून पारदर्शक पिशवीत टांगल्यास तळाशी वाळू दिसते का, ही घरगुती चाचणी उपयोगी आहे, मात्र वाळू दिसली नाही म्हणजे पोटात नाही असे समजू नये. वाळू बाहेर काढण्यासाठी इसबगोल देण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि तो बव्हंशी गुजरात-राजस्थानातूनच जातो. त्याच्या परिणामाविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत, तेव्हा त्याच्या भरवशावर जमिनीवर चारा टाकत राहणे शहाणपणाचे नाही.

ऋतुमानाचा प्रभाव वेळापत्रकावर पडतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्या उन्हात कामगारांना काम देण्यास कायद्याने बंदी असते. त्यामुळे मोठी खाण्याची वेळ पहाटे आणि सूर्यास्तानंतर ठेवावी लागते, आणि मधला पल्ला उपाशी जाऊ नये म्हणून दुपारचे गवत सावलीखाली बारीक जाळ्यांत आधीच भरून ठेवावे लागते. रमजानात सूर्यास्त हीच इफ्तारची वेळ असल्याने संध्याकाळची चंदी पुढे-मागे करावी लागते. घोड्यांना मात्र तो बदल एकाएकी न करता थोडाथोडा सरकवून द्यावा. साखर कमी करण्यासाठी पथ्याच्या घोड्याचे गवत अर्धा ते एक तास थंड पाण्यात भिजवतात, पण अजमानच्या उन्हात ओले गवत लवकर आंबते, म्हणून ते लगेच खाऊ घालावे आणि उरलेले फेकून द्यावे. भिजवण्यात क्षारही निघून जातात, ते वेगळे भरून काढावे लागतात. घोड्याच्या घामात मीठ भरपूर जाते. म्हणून मिठाचा खडा सर्वांसाठी एकाहून अधिक ठिकाणी ठेवावा, आणि पाण्याचे हौदही दोन असावेत, म्हणजे उतरंडीत खालच्या घोड्याला तहानेने ताटकळावे लागणार नाही. साध्या हवेत २५ ते ४० लिटर पाणी पिणारा घोडा कडक उन्हात आणि कामावर याच्या दुपटीपर्यंत जातो.

घोड्यांच्या शेजारी उंट, शेळ्या आणि कोंबड्या पाळणाऱ्या वाडीवर आणखी एक खबरदारी लागते. गाई-गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिनच्या वर्गातील औषधे मिसळलेली असतात. ती त्या जनावरांना चालतात, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना अगदी थोड्या मात्रेतही घातक ठरतात. पोती वेगळ्या खोलीत, पिंपे आणि मापेही वेगळी, हा नियम येथे कोणत्याही सबबीवर मोडू नये.

कोणाला किती पुरते याचा निवाडा नजरेवर सोडू नये. १९८३ मध्ये हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एक ते नऊ गुणांची देहस्थिती मापनपद्धती, ज्यात मान, खांदा, फासळ्या, पाठ आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून गुण दिले जातात, ती दर पंधरा दिवसांनी वापरल्यास सावकाश चढणारी किंवा उतरणारी चरबी वेळीच कळते. चार-पाच गुणांचे जनावर बहुतेक कामांसाठी योग्य समजतात, व्यालेल्या घोडीला थोडे अधिक चालते. या नोंदींनुसार गटही बदलावा लागतो. सहा महिन्यांनी शिंगरू तोडले की घोडीची गरज झपाट्याने खाली येते, आणि काल लसूणघास खाणारी तीच घोडी आज पथ्याच्या बाजूला जाऊ शकते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो वैरणीचा माल बदलण्याचा दिवस. एकोणिसाव्या शतकात आखातातील बंदरांतून अरबी घोडे जहाजाने मुंबईत येत आणि तेथे अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते. जवावर वाढलेल्या त्या घोड्यांना हिंदुस्थानात हरभऱ्याची सवय करून द्यावी लागे. मागील आतड्यातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि हे एका गवताच्या जागी दुसऱ्या देशातून आलेले त्याच नावाचे गवत आले तरीही खरे असते. बदल सात ते चौदा दिवसांत, जुन्या-नव्याचे मिश्रण हळूहळू बदलत करायचा असतो, आणि सामाईक वाड्यात ते सगळ्या जनावरांसाठी एकाच वेळी करावे लागते, कारण वेगवेगळ्या टप्प्यांवरचे ढीग घोडे पाळणार नाहीत. त्यासाठी नव्या बोटीचा माल येण्यापूर्वीच जुन्या गाठींपैकी दोन आठवडे पुरतील इतक्या बाजूला काढून, उन्हापासून आणि समुद्राच्या दमट वाऱ्यापासून दूर, फळ्यांवर रचून ठेवाव्या लागतात.